बंद लॅपटॉपमधले अकरा जबाब

१

बुधवारी सकाळी फर्डिनंड तुस्कानो केळीच्या वाडीत पाणी सोडत होता, तेव्हा त्याचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडच्या माणसानं नमस्कार-चमत्कार काही केला नाही, सरळ वाचायला लागला.

"मी, फर्डिनंड तुस्कानो, राहणार निर्मळ, सांगतो की आमच्या खाजणात मातीचे ट्रक रिकामे होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले..."

फर्डिनंडचा स्वतःचा जबाब होता तो. शब्दाला शब्द. मधे तो जिथं अडखळला होता आणि "नाही नाही, सोमवार नव्हे, मंगळवार" म्हणाला होता, तेसुद्धा त्या माणसानं वाचलं. शेवटी म्हणाला, "केळी छान धरलीत तुमची. जपा त्यांना."

संध्याकाळपर्यंत असे अकरा फोन झाले. खाजण बचाव समितीकडे जबाबही अकराच होते. कामणच्या बाजूला गोदामं बांधणाऱ्या एका मालकानं गावाची खाडीकाठची खाजण जमीन मातीनं बुजवायला घेतली होती. भरतीचं पाणी जायला जागा उरली नव्हती आणि वाड्यांतल्या विहिरी खारट व्हायला लागल्या होत्या. हे ज्यांनी पाहिलं, त्यांचे जबाब सोमवारी कोर्टात बंद पाकिटातून द्यायचे होते. तोवर नावं कुणाला कळू नयेत म्हणून ते एकाच ठिकाणी ठेवले होते, चॅपेलजवळच्या समितीच्या खोलीतल्या लॅपटॉपमध्ये. त्या लॅपटॉपला कुलूप घातलं होतं जेनिफरनं. सव्वीस वर्षांची पोर, मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम घरून करणारी.

मग बोट कुणाकडे जाणार?

गुरुवारी चौघांनी जबाब परत मागितले. शुक्रवारी समितीचे सेक्रेटरी व्हॅलेरियन सर म्हणाले, "रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सभा. जेनिफरला काढायचं आणि पोलिसांत नाव द्यायचं, हाच विषय."

त्याच दुपारी जेनिफर पाचूबंदरला ग्रेसीमावशीच्या ओट्यावर येऊन बसली. ग्रेसी तिची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी हिनंच तिला हातांवर धरलं होतं. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन ती निर्मळच्या घराघरांत मासळी विकत आली होती. कुठल्या घरात काय शिजतं आणि काय लपवतात, हे तिला उंबऱ्यावरूनच कळायचं. गावातल्या तीन चोऱ्या तिनं पोलिसांच्या आधी उकलल्या होत्या, आणि त्याचा तिला तोरा होता.

"मावशी, मी नाही केलं."

"तू नाही केलंस हे मला नको सांगू," ग्रेसी सुरी पुसत म्हणाली. "कोनी केलं ते बघू. चल, खोली दाखव."

२

खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, स्टुलावर प्रिंटर, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर. किल्ली खिडकीच्या चौकटीवर. अख्ख्या निर्मळला ठाऊक.

"हे तुझं कुलूप?" ग्रेसीनं लॅपटॉपकडे पाहून विचारलं.

"कुलूप आत आहे," जेनिफर म्हणाली. "आतलं सगळं सांकेतिक करून ठेवलंय. चावीशिवाय कुणी डिस्क काढून नेली तरी नुसता कचरा दिसेल. आणि पासवर्ड दोन तुकड्यांत. पहिला माझ्याकडे, दुसरा सरांकडे. सकाळी साडेआठला दोघं येऊन उघडतो. मग क्लेमेंटीन जबाब टाइप करते."

"ते उघडं असतं, तेव्हा चावी कुठं असते?"

जेनिफर हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "मावशी, ऑफिसातली पोरं हा प्रश्न विचारायला महिना लावतात. चावी मेमरीत असते. काम चालू असेपर्यंत मशीनला ती लागतेच. मशीन पूर्ण बंद केलं की मेमरी विसरून जाते."

"लगेच?"

"काही सेकंद लागतात. कधी मिनिटभर. तेवढ्यात कुणी मेमरी काढून दुसऱ्या मशीनला लावली तर चावी वाचता येते. म्हणून माझा नियम आहे. जेवायला जाताना मशीन पूर्ण बंद करायचं, आणि बंद केल्यावर पाच मिनिटं तिथंच बसायचं. क्लेमेंटीन शपथेवर सांगते की ती बसते."

ग्रेसीनं लॅपटॉप उचलून बाजूला ठेवला. खाली क्लेमेंटीननं विणलेलं पांढरं कापड होतं आणि त्याखाली लाल पुठ्ठ्याचं हजेरीपुस्तक. कापडावर तळहाताएवढा गुलाबी डाग पडला होता. पुठ्ठ्याचा रंग ओलाव्यानं वर चढला होता.

"इथं पानी कोन पितं?"

"कुणीच नाही. सर पाण्याची बाटलीसुद्धा दाराबाहेर ठेवायला लावतात."

ग्रेसीनं लॅपटॉप उलटा केला. पोटाला एक छोटं झाकण होतं, दोन स्क्रूंचं. लॅपटॉप परत ठेवला की ते झाकण जिथं येईल, डाग बरोबर तिथंच होता.

"ह्या झाकणामागं काय आहे?"

"मेमरी," जेनिफर म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला.

"मघाशी म्हणालीस, मिनिटभरात विसरते. ते उन्हाळ्यातलं सांगतेस की बर्फातलं?"

जेनिफर झाकणाकडे बघत राहिली.

"अगं, पापलेट उन्हात ठेवलं तर दुपारी वास मारतं. बर्फात घातलं तर तिसऱ्या दिवशी ताजं म्हनून विकते मी. तुझ्या मेमरीचं कसं आहे?"

"तसंच," जेनिफर हळूच म्हणाली. "गारठवली तर कितीतरी जास्त टिकते. कॉम्प्युटरची धूळ उडवायचा हवेचा डबा असतो. तो उलटा धरून मारला की बर्फासारखं गार द्रव बाहेर येतं. मेमरीवर पांढरं हिंव धरतं."

"आनि वसईच्या हवेत हिंव वितळलं की पानी होतं."

"पण मावशी, त्यासाठी मशीन चालू हवं. निदान झोपलेलं तरी. आणि क्लेमेंटीन तर रोज बंद करते!"

ग्रेसीनं कापडाची घडी करून पदराखाली घेतली. "चल. क्लेमेंटीन काय करते ते क्लेमेंटीनलाच विचारू."

३

क्लेमेंटीन अंगणात अबोलीचे वळेसर करत बसली होती. पन्नाशीची, देवभीरू बाई. जेनिफरला बघून तिनं मान खाली घातली.

"मंगळवारचं सांग," ग्रेसी पायरीवर टेकत म्हणाली. "त्या दिवशी सकाळी अँजेलिनाचा जबाब घेतलास ना? अकरावा?"

"हो. साडेअकराला संपला."

"बुधवारी तिलाही तिचा जबाब वाचून दाखवला. म्हनजे चोरी मंगळवारी साडेअकरानंतरची. दुपारी जेवून परत आलीस, तेव्हा खोलीत सगळं होतं तसंच?"

"सगळं तसंच. प्रिंटर दुरुस्त होऊन आला होता, तो स्टुलावर होता. लॅपटॉप तेवढा बंद पडला होता. लाइट गेली असेल. मग मी जेनीला आणि सरांना फोन केला, परत उघडून द्या म्हणून. जेनी लगेच आली. सर चारला आले. चपला सगळ्या लाल मातीनं भरलेल्या."

ग्रेसीनं वळेसरातलं एक फूल सरळ केलं. "क्लेमेंटीन, काल पाचूबंदरला दोन तास लाइट नव्हती. माझा मोबाइल नाही मेला. लॅपटॉपला बॅटरी नसते काय गं?"

क्लेमेंटीनच्या हातातला दोरा थांबला.

"आनि तू स्वतः बंद करून गेली असतीस, तर तो बंद 'पडला होता' असं म्हनाली असतीस का?"

बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"बाराची घंटा झाली की मी उभी राहते, प्रार्थना करते, आणि नुसतं झाकण लावून जाते. पूर्ण बंद केलं तर दुपारी परत सरांना बोलवावं लागतं. सर जेवून तीनपर्यंत झोपतात. माझ्या तिन्ही मुलांना त्यांनी शिकवलंय. एवढ्या मोठ्या माणसाची झोप रोज कशी मोडायची? जेनीला आणि सरांना वाटायचं, दुपारी मी कागदावर लिहून घेते, मशीन लागत नाही. मला वाटलं, झाकण लावलं म्हणजे कुलूप लागलं. स्क्रीनवर परत माझा वेगळा पासवर्ड विचारतोच की!"

जेनिफर तोंड फिरवून उभी राहिली. रागावली असती तर बरं, पण तिला रडू येत होतं. साऱ्या वसईत हीच एक चूक अशी होती, जी फक्त चांगल्या माणसाकडून होणार.

"हे अजून कोनाला सांगितलंस?" ग्रेसीनं विचारलं.

"कुणालाच नाही. पाद्रींनासुद्धा नाही."

"उद्याचा दिवस तसंच राहू दे. जेनी, तूही गप्प." ग्रेसी उठली. "आता त्या लाल मातीच्या चपला बघू. मंगळवारी दुपारी दोनला मी सरांच्या दारात बोंबील घेऊन उभी होते. सर झोपले नव्हते. दाराला बाहेरून कडी होती."

४

व्हॅलेरियन सरांनी खुर्ची दिली, पण चेहरा शाळेतलाच ठेवला.

"ग्रेसीबाई, तुमचं धर्मकन्येवरचं प्रेम मी समजू शकतो."

"सर, मंगळवारी दुपारी कुठं होता?"

"झोपलो होतो."

"दाराला बाहेरून कडी लावून?"

सरांनी नजर दाराकडे वळवली.

"निर्मळची माती काळी," ग्रेसी म्हणाली. "लाल माती एकाच ठिकानी आहे, ट्रकांनी आनून ओतलेली. तुमच्या चपलांना ती मंगळवारी लागली, आनि बुधवारी फोन आले. मी समिती असते तर कोनाचं नाव पोलिसांत दिलं असतं?"

"बाई!" सर ताडकन उठले. ग्रेसीला वाटलं, आता दार दाखवतात. पण ते आतल्या खोलीत गेले आणि प्रार्थनेच्या पुस्तकातून एक कागद घेऊन आले. ठसठशीत, वळणदार अक्षर.

"बारावा जबाब," ते म्हणाले. "ट्रक मोजून आत सोडायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याच माणसाचा. सलग तीन दिवस दुपारी मी त्याच्याकडे जात होतो. मंगळवारी त्यानं सही केली. मशीनवर माझा विश्वास नाही, म्हणून हातानं लिहिला आणि कुणाला सांगितलं नाही."

"त्याला फोन आला?"

"नाही. तो अजून तिथंच नोकरीला आहे. कुणाला पत्ता नाही."

ग्रेसीनं समाधानानं मान हलवली. "मग तुम्ही सुटलात, सर. चोर तुम्ही असता तर मालकाला बारा नावं मिळाली असती. त्याला अकराच मिळाली, जी मशीनमध्ये होती तेवढीच."

"मग जेनिफरच उरते."

"जेनिफर आनि क्लेमेंटीन, दोघींना जबाब रोज उघडे मिळत होते. उघड्या पेटीचं कुलूप कोनी फोडतं का? ज्यानं हे केलं त्याला मशीन कधी उघडं मिळत नव्हतं. म्हनजे तो तुम्हा तिघांपैकी नाही."

सर खाली बसले. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या चुका काढलेला माणूस, आपली चूक कुठं ठेवावी हे त्याला कळेना. "मग कोण?" त्यांनी विचारलं.

"उद्या एव्हरशाईन सिटीला जाऊन येते," ग्रेसी म्हणाली. "प्रिंटर फार छान दुरुस्त झालाय म्हनतात."

५

डेरिकचं दुकान एव्हरशाईनच्या मोठ्या रस्त्यावर होतं. आत उघडे पडलेले लॅपटॉप, वायरी, काउंटरवर हवेचे दोन डबे. पस्तिशीचा डेरिक बोलायला गोड होता. समितीची सगळी दुरुस्ती तोच करायचा. लॅपटॉपच्या कुलपाचं कामही आपल्यालाच मिळणार असं त्यानं गावात सांगून ठेवलं होतं, पण ते जेनिफरकडे गेलं.

"या मावशी, बसा! आज इकडे कुठे?"

"नातवासाठी जुना मोबाइल बघायला आले. तुझ्या हाताला काय झालं रे?"

डेरिकच्या उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाचे शेंडे पांढरट, मेणासारखे झाले होते. कडेची साल सुटत होती.

"हे? काल सोल्डरिंग करताना भाजलं. आपला धंदाच असा आहे."

"काळजी घे बाबा. चहा पाजतोस की नाही?"

डेरिकनं टपरीवरून दोन कटिंग मागवल्या. काचेचे ग्लास, वाफाळते. ग्रेसीनं आपला ग्लास पदराच्या टोकानं धरला तरी चटका बसला. डेरिकनं त्याचा उचलला तो बरोबर त्या दोन बोटांत. बोलत राहिला, फुंकर मारत राहिला. बोटांना काहीच नाही.

ग्रेसी बघत होती. कालच भाजलेल्या बोटानं माणूस कोमट पाण्यालासुद्धा शिवत नाही. पण बर्फात मीठ घालून मासळी भरायची, आणि घाईत हात आत राहिला की काय होतं, हे तिला पंचवीस वर्षांची असतानाच कळलं होतं. कातडी पांढरी पडते आणि आठवडाभर बोट आपलं राहत नाही. टोचलं तरी कळत नाही, पोळलं तरी कळत नाही.

नुसत्या बोटावरून माणसाला चोर म्हणता येत नाही. सोल्डरिंगनंच बोट बधिर झालं असं तो म्हणेल, दहा कारणं देईल. चोराच्या तोंडूनच चोरी यायला हवी, आणि डेरिकचं तोंड कशानं उघडतं ते तिनं ओळखलं होतं.

"उद्या सभेला ये रे," ती उठता उठता म्हणाली. "जेनिफर म्हनते, तिचं कुलूप अख्ख्या वसईत कोनाला फोडता येनार नाही. दुकानदारांना तर मुळीच नाही म्हनाली."

डेरिकचा ग्लास ओठांजवळ थांबला. "असं म्हणाली?"

"हसून म्हनाली."

६

रविवारी मिस्सा सुटला आणि समितीच्या खोलीसमोरच्या मांडवात माणसं बसली. अकराही साक्षीदार आले होते, पण एकमेकांपासून लांब. जेनिफर पुढं एकटी उभी होती. आजचा निकाल चुकीचा लागला तर कंपनी तिला ठेवणार नव्हती, आणि गाव तर त्याआधीच सोडावं लागणार होतं.

"बोल," सर म्हणाले. आवाज नेहमीसारखा कडक नव्हता.

"मशीन रोज पूर्ण बंद होत होतं," ग्रेसीनं शिकवल्याप्रमाणे जेनिफर म्हणाली. "बंद मशीनमधून चावी मिळत नाही. माझं कुलूप कुणी फोडलेलं नाही. फोडणारा वसईत जन्मायचाय."

मागून हसू आलं. डेरिक.

"मॅडम, थोडं हळू! पुस्तकात वाचून कुलूप होत नाही. नुसतं झाकण लावून ठेवलेलं मशीन झोपलेलं असतं, मेलेलं नाही. चावी आत जिवंत असते. ज्याला कळतं त्याला दहा मिनिटं पुरतात. मी किती वेळा सांगितलं समितीला, काम जाणकाराला द्या!"

"डेरिक," ग्रेसी म्हणाली, "झाकण लावून ठेवलं होतं, हे तुला कोनी सांगितलं?"

"कोणी म्हणजे... सगळेच तसं करतात."

"जेनिफरनं आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं, रोज पूर्ण बंद होत होतं. समितीच्या नोंदीत तेच आहे. सर तेच समजत होते. नुसतं झाकण लावलं होतं, हे क्लेमेंटीनला ठाऊक. तिनं परवा आम्हा दोघींना सांगितलं. चौथं कोनी असेल तर तो एकच, ज्यानं मंगळवारी दुपारी ते झाकण उघडून पाहिलं."

मांडवातल्या माना मागे वळल्या.

"मी मंगळवारी आलोच नव्हतो!"

"मग प्रिंटर चालत आला? बाराला स्टूल रिकामं होतं, तीनला भरलेलं. तुझी बोटं इकडे आन. आन! कालच्या चहानं पोळलं नाही तुला. भाजलेलं नाही ते, गारठ्यानं मेलंय. मेमरीवर गार फवारा मारलास, घाईत उघड्या बोटांनी काढलीस. ती तुझ्या मशीनला लावून चावी वाचलीस, डिस्कची नक्कल घेतलीस, आनि सगळं परत बसवलंस. हिंव वितळून क्लेमेंटीनच्या कापडावर आलं, ते तेवढं तुला दिसलं नाही."

तिनं कापड उलगडून धरलं.

डेरिकनं आजूबाजूला पाहिलं. खोटं बोलायला अजून वाव होता. पण त्याच्यातला कारागीर त्याच्यातल्या चोरापेक्षा मोठा निघाला.

"दहा मिनिटं नाही," तो जेनिफरकडे बघत म्हणाला. "सात. सात मिनिटांत केलं मी ते. तुझ्या कंपनीत कुणी करून दाखवावं." मग त्याचे खांदे पडले. "गोदामांतल्या सगळ्या मशीनांचं काम मालक मला देणार होते. फोन करणार, हे नव्हतं सांगितलं."

दोघांनी त्याला धरून बसवलं, पोलीस येईपर्यंत. व्हॅलेरियन सर उठले आणि सगळ्यांदेखत जेनिफरपुढं हात जोडले. तिनं ते धरून खाली केले.

"सर, चूक माझीही आहे," ती म्हणाली. "नियम मी क्लेमेंटीनमावशीच्या लक्षात ठेवण्यावर सोडला. तो मशीनच्या अंगात घालायला हवा होता. काल रात्रीच्या जेवणाआधी घातलाय. आता झाकण लावलं की चावी आधी पुसली जाते आणि मशीन पूर्ण बंद होतं. उघडताना ते आपली मेमरी स्वतः धुऊन घेतं. मेमरी गोंदानं जागेवर बसवलीय. ती काढायला लागणाऱ्या वेळात बर्फाचासुद्धा उपयोग नाही. आणि उद्या हे कुणी विसरलं, दमलं, कुणाची दया आली, तरी चालेल."

फर्डिनंड तुस्कानो आपल्या जागेवरून उठला. "ते मशीनचं झालं," तो म्हणाला. "आमची नावं तर गेलीच ना?"

मग तो स्वतःच मांडवाच्या मधोमध आला.

"गेली तर गेली. त्या माणसानं माझा जबाब मला वाचून दाखवला, तेव्हा मी घाबरलो. पण खरं सांगू? ऐकताना वाटलं, काय बरोबर बोललोय मी! एक शब्द खोटा नाही. मी जबाब परत घेत नाही."

"मीही नाही," अँजेलिना म्हणाली, आणि येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. मग तिसरा. मग ज्या चौघांनी जबाब परत मागितले होते ते चौघं, एकमेकांकडे न बघता. अकराही जणं एका ओळीत उभे राहिले तेव्हा चॅपेलच्या पायऱ्यांवरून निघालेली माणसं परत फिरली.

जेनिफरनं खोलीचं दार उघडलं. तिनं अर्धा पासवर्ड टाकला, सरांनी अर्धा. क्लेमेंटीन खुर्चीवर बसायला कचरत होती, तिला जेनिफरनंच खांदे धरून बसवलं.

बाहेर बघते तर रांग लागलेली. भाजीवाल्या, फुलवाल्या, अर्नाळ्याचे दोन खलाशी, सायकल धरून उभा असलेला एक म्हातारा. सगळ्यांनी ट्रक पाहिले होते. सगळे आजवर गप्प होते.

रांगेतली पहिली बाई आत आली. क्लेमेंटीननं दार लावून घेण्यासाठी हात पुढं केला.

"राहू दे उघडं," ती बाई म्हणाली.

"नाव?" क्लेमेंटीननं विचारलं.

बाईनं पदर खोचला आणि आपलं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आळी, गाव, सगळं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की रस्त्यापलीकडच्या वाडीत काम करणारी माणसं मान वर करून बघायला लागली.